ओपेथचा नवा अल्बम: गुरगुर परत आली म्हणून आनंद, की अल्बम खरंच चांगला आहे?

जुना_कॅसेटवाला | रवि, २४ नोव्हेंबर २०२४, सकाळी १०.१२

मंडळी, काल अख्खा महाराष्ट्र टीव्हीसमोर विधानसभेचा निकाल बघत बसला होता, तेव्हा मी दार लावून, कानाला हेडफोन लावून एका मेलेल्या म्हाताऱ्याचं मृत्युपत्र ऐकत होतो. ओपेथचा चौदावा अल्बम 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' परवा शुक्रवारी एकदाचा आला. ऑक्टोबरचा वायदा होता, तो नोव्हेंबरवर गेला. असो.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी: स्टॉकहोमचा बँड, १९९० पासूनचा. मिकाएल ओकरफेल्ट गातो, गिटार वाजवतो, गाणी रचतो. एकाच गाण्यात डेथ मेटलची, म्हणजे अतिशय जहाल रॉकची, घशातली गुरगुर आणि सत्तरच्या दशकातल्या प्रोग रॉकचा (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) हळवेपणा, आणि गाणी दहा-दहा मिनिटांची. २००८ च्या 'वॉटरशेड'नंतर या माणसाने स्टुडिओत गुरगुरणं सोडलं. २०११ ते २०१९ मध्ये चार अल्बम आले, चारही साध्या गळ्याचे. आणि आता सोळा वर्षांनी परत तो आवाज!

पहिल्याच गाण्यात तो आवाज आला आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी. वय वर्षे शेहेचाळीस. बायकोने विचारलं काय झालं, म्हटलं कांदा. बेडरूममध्ये कांदा कुठून आला हे तिने विचारलं नाही, हे तिचे उपकार.

तर प्रश्न असा. २००१ मध्ये मित्राने 'ब्लॅकवॉटर पार्क' सीडीवर उतरवून दिला, तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. आता मी या नव्या अल्बमवर खूश आहे, की पुन्हा तेवीसचा झालो म्हणून खूश आहे? दोन दिवसांत पाच वेळा ऐकलाय, पण मला माझंच मत खरं वाटत नाहीये. तुम्ही सांगा.

चिपळूणचा_नाना | रवि, १०.३१

पहिला! सावकाश वाचतो.

कांदेपोहे_कोअर | रवि, १०.५८

काका, मी बावीसचा आहे. 'ब्लॅकवॉटर पार्क' आला तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, म्हणजे आठवणींचा उमाळा माझ्याकडे शून्य. तरी पहिली तीन गाणी कडक आहेत. चौथ्यापासून मात्र दर वीस सेकंदाला वळण. नारायण पेठेत चारचाकी घातल्यासारखं वाटतं, एका बोळातून बाहेर पडावं तर समोर 'प्रवेश बंद'. छान रिफ (गिटारची परत परत येणारी चाल) येतो, मान हलायला लागते, आणि तेवढ्यात तो गायब. जुन्या ओपेथमध्ये एक रिफ चार-चार मिनिटं मुरायचा.

आणि पहिल्या सात गाण्यांना नावंच नाहीत, नुसती § अशी खूण आणि आकडा. मित्राला 'ते कुठलं रे भारी गाणं' म्हणून सांगायचं तरी कसं?

तळटीप | रवि, ११.२०

ती खूण म्हणजे कलम. कायद्याच्या पुस्तकात परिच्छेदापुढे असते. मृत्युपत्राची सात कलमं म्हणून सात गाणी. आठव्याला नाव आहे, 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड', कारण ते मृत्युपत्रात नाही. वकिलीत आयुष्य गेलं माझं, एखाद्या बँडने माझ्या धंद्याची दखल घेतल्याचं पहिल्यांदाच पाहिलं.

चिपळूणचा_नाना | रवि, ११.२४

सातच कलमं? अजून पाच टाकली असती तर सातबारा झाला असता. मग आमच्या कोकणात घरोघरी वाजला असता, आणि तीस वर्षं संपला नसता.

भुईचाफा | रवि, ११.२६

नाना =)) =))

गुरगुर_विरोधी | रवि, १२.०५

मी गेली दहा वर्षं सुखात होतो. 'पेल कम्युनियन' आला (२०१४) तेव्हा पहिल्यांदा हा बँड घरात मोठ्याने लावता आला. इतका गोड गळा असलेला माणूस परत डुकरासारखा का ओरडतोय? हे गाणं आहे का? घशाचं वाटोळं होतं ते वेगळंच. चाहत्यांच्या रेट्यापुढे नमला, दुसरं काय.

झपताल | रवि, १२.४०

@गुरगुर_विरोधी, आयडी सार्थ केलात. पण दोन गोष्टी.

एक, ती गुरगुर म्हणजे ओरडणं नव्हे. स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात, बोलताना आपण त्या वापरत नाही. नीट शिकलेला माणूस त्या थरथरवतो, दम पोटातून देतो आणि उरलेलं काम माईक करतो. समोर उभं राहून ऐकलंत तर आवाज वाटतो त्याच्या निम्माही नसतो. घसा बसतो तो जोर लावणाऱ्यांचा. माझ्या क्लासच्या वरच्या मजल्यावर एक मुलगा याचा रियाज करतो. पहिल्या दिवशी मी तबला सोडून जिन्याने वर धावलो होतो, कोणाला फिट आली की काय म्हणून. तो शांतपणे खुर्चीत बसून पाणी पीत होता.

दोन, इथे तो आवाज उगाच आलेला नाही. कथेत तो आवाज मेलेल्या बापाचा आहे. मृत्युपत्र वाचलं जातंय आणि म्हातारा थडग्यातून पोरांना सुनावतोय. ते गोड गळ्यात गाऊन बघा, 'बाळांनो, तुम्हाला एक छदाम मिळणार नाही.' जमेल?

गुरगुर_विरोधी | रवि, १२.५२

माझ्या वडिलांनी हेच अतिशय गोड आवाजात सांगितलं होतं.

झपताल | रवि, १२.५५

_/\_ शब्द मागे घेतो.

उत्तरेचा_वारा | रवि, दुपारी ३.१७ (इथे पावणेअकरा)

स्टॉकहोमहून हजेरी. इथे साडेतीनला अंधार पडतो, त्यामुळे अल्बमला लागणारं वातावरण फुकट मिळतं.

आधी उच्चार. 'अकेरफेल्ड' वगैरे म्हणणाऱ्यांनी कॅसेटवाल्यांकडून शिका. डोक्यावर गोल टिंब असलेला ए म्हणजे जवळजवळ आपला 'ओ'. इथे येऊन नऊ वर्षं झाली, पहिलं वर्ष मी 'आ'च म्हणत होतो आणि समोरचे सभ्यपणे ऐकून घेत होते.

दुसरं, गुरगुर 'परत आली' हे अर्धसत्य आहे. मैफलीत जुनी गाणी तो त्याच आवाजात गात होता. नवीन रचनेत त्याला तो आवाज नको होता, एवढंच. त्यामुळे रेट्यापुढे नमला हे मला पटत नाही. नमायचंच होतं तर २०११ मध्ये, 'हेरिटेज' अल्बमवर शिव्या पडत होत्या तेव्हाच नमला असता. पन्नाशीत, चार अल्बम आपल्या मनासारखे करून झाल्यावर कोण नमतं?

अवांतर: २०१९ चा 'इन कौडा वेनेनम' त्यांनी स्विडिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत केला होता. मी परदेशातून आलेल्यांसाठीच्या सरकारी भाषावर्गात होतो तेव्हा तोच ऐकत होतो. त्यातल्या एका गाण्याचं इंग्रजी नाव आहे 'हार्ट इन हँड', आणि मूळ स्विडिश नाव शब्दशः घेतलं तर 'हृदयाला ठाऊक असतं हात काय करतो'. वर्गात हे वाक्य म्हणून दाखवलं. बाईंनी विचारलं, हे कुठून शिकलात? मी म्हटलं, मेटल. त्यांनी मान डोलावली, जणू मी ग्रंथालय म्हटलं.

भुईचाफा | रवि, ३.४४

@उत्तरेचा_वारा, एक विचारायचंच होतं. एवढ्याशा देशात इतके बँड कसे? आपल्या मुंबईपेक्षा लोकसंख्या कमी आणि मेटल बँड पैशाला पासरी.

उत्तरेचा_वारा | रवि, ४.३०

लोक थंडी म्हणतात. थंडी तर लडाखलाही आहे. माझ्या मते खरं कारण कंटाळवाणं आहे: सरकारी पैसा. गावोगावी नगरपालिकेच्या संगीतशाळा आहेत, तिथे पोरांना वाद्य शिकायला मिळतं. शिवाय प्रौढशिक्षण मंडळं आहेत, ती चार पोरांच्या बँडला 'अभ्यासमंडळ' धरून सरावाची खोली देतात आणि मंडळांना सरकारी अनुदान मिळतं. म्हणजे तळघरात बसून सैतानाच्या नावाने बोंबलणारी पोरं कागदोपत्री अभ्यास करत असतात. बाकी मग शहराशहराचं घराणं. गॉथेनबर्गचा बाज निराळा, उमेओच्या मेशुगा बँडचा हिशोब निराळा, आणि नव्वदच्या स्टॉकहोमची गिटार करवतीसारखी. ओपेथ याच शहरातला, पण तो घराण्यात कधी बसला नाही.

कांदेपोहे_कोअर | रवि, ४.३८

आमच्या सोसायटीत ड्रमचा सराव करायचा म्हणजे उशांवर करावा लागतो. तरी खालच्या मजल्यावरून फोन येतो.

उंबरठा | रवि, सायं. ६.०३

मी या धाग्यावर चुकून आले. मृत्युपत्र शब्द दिसला म्हणून. पण आमच्याकडे सतरा वर्षांचा मुलगा आहे आणि त्याच्या खोलीतून परवापासून तेच येतंय. मी मेथी निवडत बसले होते, तर मध्येच एक अतिशय सुंदर, संथ गाणं लागलं. माणूस अगदी मनापासून गात होता, शेवटी गिटार बराच वेळ रडली. मी विचारलं, हे कोण रे? तो म्हणाला, तेच आई. मी म्हटलं, तेच म्हणजे? म्हणाला, मघाशी तू दार आपटायला आली होतीस ना, तेच.

ते गाणं कुठलं?

जुना_कॅसेटवाला | रवि, ६.१५

ताई, तेच आठवं. 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड'. शेवटचं सोलो फ्रेड्रिक ओकेसॉनचं. मुलाला माझा नमस्कार सांगा, आणि तुम्ही दार आपटायला गेलात त्याबद्दल तुम्हालाही.

तळटीप | रवि, रात्री ९.१०

जेवण झालं, आता निवांत कायद्याचं बोलू. पुढे कथेचा शेवट फुटतो, ज्यांना नको त्यांनी खाली उतरा.

पहिल्या महायुद्धानंतरचा काळ. श्रीमंत घर, बाप वारलेला, वाचनाला तिघं हजर. जुळी भावंडं, आणि पोलिओ झालेली एक मुलगी, जी घरात वाढली पण घरची म्हणून नाही. ही इथे का, असं जुळ्यांच्या पोटात दुखतं. कलमागून कलम उलगडतं की जुळी मुळी बापाची नाहीतच, आणि बापाला ते ठाऊक होतं. मुलगी मात्र त्याची, घरातल्या मोलकरणीपासून झालेली. सगळं तिला. इथे मृत्युपत्र संपतं. मग आठव्या गाण्यात तिला पत्र येतं तिच्या आईचं, की बाळ, तूही त्यांची नव्हेस.

सगळे म्हणतात, काय जबरदस्त धक्का. वकील म्हणून मला वेगळंच सुचलं. आपल्याकडच्या कायद्याने बघाल तर या पत्राने काही म्हणजे काही बिघडत नाही! स्वकष्टाची मिळकत मृत्युपत्राने शेजाऱ्याला देता येते, देवळाला देता येते. रक्त लागत नाही. नाव स्पष्ट असलं, सही असली आणि दोन साक्षीदार असले की झालं. मुलीचं नाव घातलंय, मिळकत तिची. 'माझं रक्त असेल तरच' अशी अट असती तर गोष्ट वेगळी.

म्हणजे म्हाताऱ्याने आयुष्यभर रक्त रक्त केलं, सात कलमं रक्तावर घालवली, आणि तिन्ही मुलांत त्याचं कोणीच नाही. आणि इस्टेट तरीही जायची तिथे गेली.

उत्तरेचा_वारा | रवि, ९.४२

इथल्या आजच्या कायद्यात तर त्याची आणखी पंचाईत. स्वीडनमध्ये मुलाला पूर्ण बेदखल करताच येत नाही. कायद्याने जो वाटा येतो त्याचा निम्मा भाग मृत्युपत्र काहीही म्हणो, मुलाने मागितला की द्यावाच लागतो. 'लागलॉट' म्हणतात त्याला. लग्नात जन्मलेली जुळी कायद्याने त्याचीच धरली जातील, म्हणजे जुळी दुसऱ्या दिवशी वकील घेऊन दारात.

तळटीप | रवि, ९.४५

वा! मग अल्बम सात कलमांत आटपला नसता, दहा वर्षं चालला असता. फी कोण देणार?

झपताल | रवि, ९.५८

धागा संगीताचा होता असं अंधुक आठवतं.

भुईचाफा | सोम, २५ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

मी आणते परत रुळावर. मला खटकलेली गोष्ट म्हणजे निवेदन. जेथ्रो टल या जुन्या रॉक बँडचे इयन अँडरसन, वय सत्याहत्तर, चार गाण्यांत मृत्युपत्र वाचतात. आवाज भारदस्त आहे, मान्य. पण दुसऱ्यांदा ऐकताना आकाशवाणीवरची श्रुतिका लागल्यासारखं वाटतं. आता दार करकरेल आणि कोणीतरी 'कोण आहे तिकडे?' म्हणेल.

बासरी मात्र जीव घेते. चौथ्यात आणि सातव्यात त्यांचीच आहे. आपली बांबूची नव्हे, ती धातूची आडवी, आणि यांची ती फुंकताना तोंडाने हुंकार मिसळायची लकब. एवढा सगळा गोंगाट चाललेला असताना ती आली की खिडकी उघडल्यासारखं होतं.

चिपळूणचा_नाना | सोम, ९.०२

हेच ते अँडरसन ना, ज्यांच्या बँडला १९८९ मध्ये हार्ड रॉक आणि मेटलचं ग्रॅमी मिळालं आणि मेटालिका हात हलवत परतली? लोक पस्तीस वर्षं ओरडतायत की बासरीवाल्यांचा मेटलशी काय संबंध. घ्या, जोडला संबंध. उशिरा का होईना, कागदपत्रं पूर्ण केली.

झपताल | सोम, दुपारी १.३०

ड्रमरबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून बोलतो. वाल्टेरी वॅय्रुनेन, फिनलंडचा, पॅरडाइज लॉस्ट बँडमधून २०२२ मध्ये इकडे आला. ओपेथसोबत स्टुडिओतला पहिलाच अल्बम. मला यातलं काय आवडलं तर तो जागा सोडतो. कांदेपोह्यांची तक्रार बरोबर आहे, वळणं फार आहेत. पण प्रत्येक वळणावर हा माणूस हात देऊन पलीकडे नेतो. मी हातावर मात्रा मोजायला बसलो, दोन जागी सम चुकली, तिसऱ्यांदा मोजणं सोडून दिलं. आणि सोडल्यावर कळलं की बाज मोजायचा नाहीये, मार्तीन मेंदेझच्या बेस गिटारला धरून चालायचं. तो १९९७ पासून तिथेच उभा आहे, खांबासारखा.

@कांदेपोहे_कोअर, हेडफोनवर फक्त बेस ऐक एकदा. मग सांग बोळ आहे की रस्ता.

कांदेपोहे_कोअर | सोम, रात्री ११.५०

ऐकला. बोळच आहे. पण आता बोळातलं एक दुकान ओळखीचं झालंय.

पाच_तारी | मंगळ, २६ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

मी २०१९ ला पुण्यात एनएच७ संगीत महोत्सवात ओपेथला ऐकायला होतो. त्याआधी २००९ मध्ये आयआयटी मद्रासच्या सारंग महोत्सवालाही, चेन्नईला. तेव्हा रिझर्व्हेशन मिळालं नाही, दादरहून जनरलच्या डब्यात दरवाजाशी बसून गेलो होतो. पुण्याला मात्र सासरे सोबत होते, कारण गाडी त्यांची. पूर्ण वेळ कानात बोटं. ओकरफेल्ट दोन गाण्यांच्या मध्ये निर्विकार चेहऱ्याने विनोद करतो, तेव्हा तेवढी बोटं काढायचे आणि हसायचे. परतताना म्हणाले, माणूस चांगला आहे, गाणं सोडायला हवं.

कॅसेटवाले, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. तुमचा आनंद खोटा नाही, पण मत द्यायची ही वेळ नव्हे. आठ दिवस अल्बम लावू नका. मग बघा काय आठवतं ते.

गुरगुर_विरोधी | मंगळ, १०.०५

एलपी मागवली होती कोणी? मी परदेशातल्या एका दुकानातून मागवली, जकात भरली, आणि तबकडी पापडासारखी वाकलेली निघाली. सुई वर-खाली जहाजासारखी. (हो, मागवली. आवरणावर ट्रॅव्हिस स्मिथचं चित्र आहे म्हणून. ऐकायला नाही. हसू नका.)

झपताल | मंगळ, १०.०७

हसत नाही.

चिपळूणचा_नाना | मंगळ, १०.०८

मी हसतोय.

पाच_तारी | मंगळ, १०.४०

दोन जाड काचांच्या मध्ये सपाट ठेवा काही दिवस, उन्हात अजिबात नको. पूर्ण सरळ होईलच असं नाही. फोटो काढून दुकानाला पाठवा आधी.

जुना_कॅसेटवाला | गुरु, ५ डिसेंबर, रात्री ११.२०

मंडळी, पाच_तारींचं ऐकलं. आठ दिवस नाही जमलं, सात दिवस. आज दुपारी ऑफिसात बसून वहीत लिहिलं काय काय आठवतंय ते.

पहिल्या कलमातला बेस, चाल नीट गुणगुणता येते. त्याच गाण्यात मुलीचा आवाज येतो तो, ती ओकरफेल्टची स्वतःची मुलगी मिर्याम आहे हे नंतर कळलं. बापाच्या मृत्युपत्रात मुलीला बोलायला लावणं हे धाडसच. चौथ्यातली बासरी. पाचव्यातली व्हायोलिनं, मला त्यांत थोडं अरबी वळण वाटतं. आणि आठवं पूर्ण, अथपासून इतिपर्यंत. सहावं शून्य. कितीही डोकं खाजवलं तरी सहावं आठवेना, कांदेपोहे म्हणतो ते तिथे खरं आहे.

गंमत म्हणजे ज्या गुरगुरीसाठी रडलो, तिची एकही ओळ डोक्यात राहिली नाही. नुसता आवाज राहिला. हॉस्टेलच्या गॅलरीत कोणीतरी हाक मारावी आणि काय म्हणाला ते कळू नये, तसा.

मग संध्याकाळी गाडीत परत लावला. कात्रजच्या बोगद्यात पहिली गुरगुर आली. परत पाणी. आता यावर काय करायचं सांगा.

भुईचाफा | गुरु, ११.३१

काही करायचं नाही. काच खाली घ्या, गाडी हळू चालवा.

कांदेपोहे_कोअर | गुरु, ११.४८

काका, सहावं मला आता आवडायला लागलंय. सॉरी.

तळटीप | शुक्र, ६ डिसेंबर, सकाळी ९.१५

या धाग्यामुळे दोन जणांनी व्यनि (खाजगी निरोप) करून मृत्युपत्र कसं करायचं ते विचारलं. स्वीडनचे आभार.

उंबरठा | शुक्र, सायं. ७.४०

मुलाने सांगितलं, आई, शेवटचं आवडलं ना, मग पहिल्यापासून ऐक, नाहीतर गोष्ट कळणार नाही. म्हणून आज भाजी फोडणीला टाकून पहिलं कलम लावलं. म्हातारा आणि कुकर एकदमच सुरू झाले. गॅस बंद केला तरी एक जण थांबेना.